अष्टशीलाच्या दिवशी सुया

माय गुडघ्यांसाठी सुयांचे उपचार घेते, हे कळल्यापासून ऑफिसात कोणी ना कोणी मला गाठतं. सुया दुखतात का, रक्त येतं का, असं विचारतं. मी सांगतो. सुई केसासारखी बारीक असते, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. आत जाताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग ती जागा जड पडते, कधी झिणझिण्या येतात. प्रत्येकासाठी नवं पाकीट फोडतात, वापरलेली सुई टाकून देतात. हे सगळं मी नीट समजावतो. फक्त 'उपाशीपोटी जाऊ नका' एवढं वाक्य घाईने उरकतो. घाई का होते, ते इथे लिहितो.

माय वालूरला राहते, मी परभणीत. गेल्या वर्षी तिचे गुडघे इतके धरले की विहारात तिच्यासाठी मागच्या भिंतीजवळ खुर्ची ठेवावी लागली. ते तिच्या मनाला लागलं. "वंदनेला आले का सभेला आले मी?" असं म्हणायची. जमिनीवर बसून, डोकं टेकवून वंदना करता यावी, एवढंच तिला हवं होतं.

हाडांच्या डॉक्टरांना विचारून मी तिला परभणीतल्या एका अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. पहिल्या दिवशी सुया राहिल्या बाजूला, बाईंनी झोप, भूक, पोट यांचीच चौकशी केली. जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. मग म्हणाल्या, "मावशी, चिनी वैद्य मानतात की अंगात वाटा असतात आणि त्यांतून शक्ती वाहते. वाट अडली की दुखतं, सुईने ती मोकळी करायची. मी शिकले ते असं. पण झिजलेला गुडघा सुईने भरून येत नाही. दुखणं कमी होईल, कदाचित होणारही नाही. चालू असलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा. आणि जेवल्याशिवाय आणू नका. चक्कर येते."

माय पलंगावर पडली. गुडघ्याभोवती सुया लागल्या, एक हातालाही लागली.

"दुखायलाय गुडघा, आन सुई हाताला? वाकळ शिवायलीस का काय बाई?"

बाई हसल्या. "हलू नका मावशी, टाका चुकेल."

चार-सहा खेपांनंतर ती ओट्याला हात न लावता उठायला लागली. मला वाटलं, आता जमलं.

मग वर्षावासातली, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतली, पौर्णिमा आली. त्या दिवशी माय अष्टशील घेते. सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जायचं, आठ शीलं घ्यायची, त्यानुसार दिवसभर वागायचं. बारानंतर अन्न घ्यायचं नाही, दूधही नाही; पाणी, सरबत चालतं. मला मात्र सुयांच्या खेपेसाठी रजा त्याच दिवशी मिळत होती. तिने फोनवर बाराची आठवण करून दिली, तर मी म्हणालो, "अकराला येतो. सोबत जेवू, मग निघू."

वाटेत सेलूत एक जुना मित्र भेटला. त्याने हॉटेलात बसवलं. गरम भजी आली, चहा आला, गप्पा लांबल्या. वालूरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माय दारात बसली होती. आत भाकरी झाकून ठेवलेल्या.

"जेवलीस ना?"

"तू म्हणला व्हतास ना, सोबत जेवू म्हणून."

"मग आता खा दोन घास."

"बारा कवाच वाजले, बाळा. चल, मला काय होतंय."

बाईंना फोन करून दिवस बदलता आला असता. पण पुन्हा रजा मागायची, साहेबांचं तोंड बघायचं. मी गाडी काढली. माझं पोट भरलेलं होतं.

दवाखान्यात बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलात ना मावशी?" माय पाय वर घेत होती. तिच्या आधी मीच बोललो, "हो हो, जेवूनच निघालो." मायने माझ्याकडे पाहिलं आणि डोकं उशीवर टेकवलं.

थोड्या वेळात तिच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. "मला कसं तरीच व्हायलंय," म्हणाली आणि तिचे डोळे मिटले. बाईंनी भराभर सुया काढल्या, उशी ओढून घेतली, पाय उंच केले. मी नुसता उभा होतो. ती शुद्धीवर आली, तेव्हा बाईंनी लिंबू-साखरेचं सरबत पुढे केलं. माय आधी म्हणाली, "त्यात दूध न्हाई ना? दूध चालत न्हाई आज."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "जेवल्या नव्हत्या?"

मी बाजूला पडलेली उशी उचलली.

"त्याला काय ठाऊक?" माय पडल्या पडल्या म्हणाली. "मीच सांगितलं त्याला, जेवले म्हणून."

सकाळी घेतलेल्या आठ शीलांत एक खोटं न बोलण्याचं होतं. दिवसभर पोट रिकामं ठेवून तिने अन्नाचं शील सांभाळलं, आणि खोटं न बोलण्याचं माझ्यासाठी मोडलं.

परतताना ती गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार उभं होतं, तिकडे बघत राहिली. घराशी उतरताना मी म्हणालो, "बाईंना खरं सांगतो मी."

"सांग की. पर माझ्यामागं नगं. माझ्यासमोर सांग."

पुढच्या खेपेला सांगितलं. रजा, भजी, मित्र, सगळं. बाई रागावल्या, पण थोड्याच. "आता मी नातेवाइकांना विचारणारच नाही," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. मी मायजवळ गेलो. "माय, झालं आता. खोटं माझं होतं, तुझं नाही."

ती लुगडं गुडघ्यापर्यंत सारत होती. हात थांबवून म्हणाली, "तू बोललास ते तुझं. मी बोलले ते माझं हाय. ते तुला घेता येत न्हाई."

मग पलंगावर आडवी झाली आणि बाईंची वाट बघत वर छताकडे पाहत राहिली.