भाऱ्यासारखा बांधलेला पाय

आवडीमावशी पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आली ती श्रावणात, आणि तिच्याआधी तिच्या जखमेचा वास आत आला. मी हे असं सांगते म्हणून कुणाला राग येईल, तर येऊ दे. महाडच्या या दवाखान्यात मी बावीस वर्षं ड्रेसिंग करतेय. वासाला वास म्हणायची मला सवय आहे.

वय साठीच्या पुढे, राहणार कापडे. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा सुनील मुंबईला वॉचमन, आणि ही एकटी आपल्या अर्ध्या एकरात भात पिकवणारी. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम, सहा वर्षांची. जखमेत हळद, कसलासा वाटलेला पाला, वर जुन्या लुगड्याची चिंधी. ते बघून माझा तोल गेला. सहा वर्षं काय करत होतात, पाय कापायची वाट बघत होतात का, असं बरंच काही बोलले. मावशी भिंतीकडे बघत ऐकत राहिली. त्या बोलण्याचा त्रास पुढे तिलाच झाला.

आमच्या निषाद डॉक्टरांनी पायातलं रक्त कसं फिरतं ते नीट तपासलं. खाली उतरत होतं, वर चढत नव्हतं. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या होत्या, रक्त घोट्याशी तुंबत होतं, आणि त्या फुगवट्याने कातडी फुटली होती. अशा पायाला नुसतं मलम लावून काही होत नाही. बोटांपासून गुडघ्यापर्यंत बँडेज बांधायचं, घोट्याशी दाब जास्त, वर जाताना कमी. म्हणजे रक्त वर ढकललं जातं आणि जखम भरते.

सोबत डॉक्टरांनी एक नवी वस्तू लावली. पुण्याच्या काही संशोधकांनी वापरून बघायला दिली होती. बँडेजखाली बसणारी पातळ पट्टी आणि तिला जोडलेली काडेपेटीएवढी डबी. घोट्याशी किती दाब आहे, पोटरीशी किती, ते डबी टिपते. आकडा मावशीच्या फोनवर दिसतो आणि रेंज मिळाली की आमच्याकडे येतो. फोन सुनीलचा जुना. तिला रेंज देवळापाशीच मिळायची, म्हणून ती रोज संध्याकाळी फोन घेऊन देवळापर्यंत चालायची. तेवढं चालणं पायाला हवंच होतं.

मी दर सोमवारी बँडेज बांधायचे. सोमवारी, मंगळवारी घोट्याला चाळीस, पोटरीला वीस, अगदी हवं तसं. बुधवारी संध्याकाळी घोटा दहावर आणि पोटरी साठावर. दर आठवड्याला तेच. डॉक्टरांना वाटलं डबी बिघडली. दुसरी लावली, तिनेही बुधवारी हेच सांगितलं.

"मावशी, बँडेज सोडता का घरी?"

"नाय गो बाय. हात पन लावत नाय."

खोटं बोलतेय हे दिसत होतं. मी पुन्हा ओरडले. दिवाळीपर्यंत जखम कमी व्हायची ती बोटभर वाढली.

दिवाळीला सुनील आला. जखम जवळून बघितली. मग म्हणाला, "मॅडम, ड्युटीवर असताना गावचा नंबर दिसला तरी टेन्शन येतं मला. शिमग्यापर्यंत बघतो. नाय भरली तर घराला कुलूप. आय माझ्याबरोबर मुंबईकडं, दिव्याच्या माझ्या खोलीवर." तो काही वाईट सांगत नव्हता, म्हणून तर जास्त वाईट वाटलं. मावशीने वाद घातला नाही. उठताना फक्त विचारलं, "मंग भात कोन लावील?"

त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. पुढच्या बुधवारी मी रजा टाकली आणि एसटीने कापड्याला गेले.

मावशी खाचरात भारे बांधत होती. भाताच्याच काडांचा पिळून केलेला बंध जमिनीवर पसरायचा, त्यावर कापलेलं भात ठेवायचं, मध्यावर गुडघा दाबायचा, बंध करकचून आवळायचा आणि टोक पीळ देऊन खोचायचं. मध्ये घट्ट, दोन्ही टोकं मोकळी. भारा असाच हवा, नाहीतर डोक्यावर सुटतो. तिचा हात इतका सफाईदार होता की मी बघत उभी राहिले. मग माझी नजर तिच्या पायाकडे गेली. बँडेज पोटरीवर करकचलेलं, घोट्याशी लोंबणारं, आणि टोक पीळ देऊन खोचलेलं.

मला आधी हसू आलं आणि लगेच रडू. डबी बिचारी श्रावणापासून खरं सांगत होती.

"मावशी, मी ओरडणार नाही. बुधवारी काय होतं?"

तिने हातातला बंध खाली ठेवला. "पानी झिरपतंय गो. वास येतो. बाया येतात शेतात कामाला, त्यांच्या बाजूला जेवाया कशी बसू? म्हनून सोडते, धुते, न् परत बांधते. चांगलं आवळून बांधते. तुझ्यापरीस घट."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू वरडतेस."

बावीस वर्षांत मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. चुकलं माझं, असं मी तिला त्या खाचरातच म्हटलं. मनापासून म्हटलं. पिशवीतून जाड, पाणी शोषणारे पॅड काढून दिले आणि ठरवलं की आता ड्रेसिंग आठवड्यातून दोनदा, एक माझ्या हातचं आणि एक तिच्या.

खळ्याच्या कडेला तिने उडवी रचलेली होती, भाऱ्यांची नीट रचलेली रास. मी विचारलं, "हिचा खालचा थर कसा रचलात?"

"दाबून. खाल्चा घट नसला तर कलंडते."

"आणि वरचे?"

"वर हलक्या हातानं."

"मग पाय उडवीसारखा बांधायचा. भाऱ्यासारखा नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, उडवीकडे पाहिलं, आणि तिथेच बसून बँडेज सोडायला घेतलं. पहिल्या वेळी फोनवर घोट्याला अठ्ठावीस. सोडलं. दुसऱ्या वेळी तेहतीस. तिसऱ्या वेळी अडतीस. मी म्हटलं, झालं, उत्तम. "दोन कमी हायत," मावशी म्हणाली आणि परत सोडायला लागली.

त्यानंतर बुधवार आणि सोमवार यांत फरक कळेना. वासही गेला. जखम पौषात सुपारीएवढी झाली आणि तिथेच अडली. तीन आठवडे हलेना. तेव्हा मी मनातून कच खाल्ली होती. मावशीने नाही. ती चालत राहिली, झोपताना पाय उशीवर ठेवत राहिली. शिमग्याला आठ दिवस उरले आणि कातडी मिटली. गुलाबी, पातळ, पण मिटलेली. डॉक्टर म्हणाले, आता दाबाचा मोजा जन्मभर, नाहीतर जखम परत येते. मावशीने मान डोलावली.

ती मोज्याचं माप द्यायला आली त्याच सकाळी सुनील वीर स्टेशनला उतरून रिक्षाने थेट दवाखान्यात आला. आईचा पाय त्याने हातात घेतला, पुन्हा पुन्हा बघितला. त्याचे डोळे भरले. मावशीचं लक्ष मात्र त्याच्या पायाकडे. पँट वर सरकली होती आणि मोज्याचं इलॅस्टिक मांसात रुतलं होतं. तिने घोट्याच्या वर अंगठा दाबला. काढला तरी खळगा तसाच राहिला.

"किती तास उभा असतोस रे?"

"बारा."

"कवापास्नं सुजतोय?"

सुनीलने पँट खाली ओढली.

"सांगितलं का नाय?" मावशीने विचारलं. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळली. "बाय, आधी याचा पाय डॉक्टरला तपासू दे. मंग बांधायचं कसं ते मी शिकवते."

बूट काढायला वाकताना सुनीलच्या पिशवीतलं सामान बाकावर सांडलं. त्यात नवंकोरं कुलूप होतं. जाताना ते त्याने मागे ठेवलं. मी आता ते बँडेजच्या कपाटाला लावते, त्याला विचारूनच घेतलंय.