जोडी न लागलेली पिंपे

निळे प्लास्टिकचे पिंप दिसले की ती घटना आजही माझ्या अंगावर येते. नव्वदचे दशक सरत आले होते आणि मी रोहा पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपते तोच पेणहून फोन आला. खाडीकाठच्या एका गावात पिंपातले पाणी पिऊन शेळ्या मेल्या होत्या. पिंप एका टेम्पोवाल्याकडून विकत घेतलेले, वर आमच्या हद्दीतल्या धाटावच्या एका रसायन कंपनीचा शिक्का आणि नंबर. उन्हाळ्यात तिकडे टँकर येतो आणि घरोघर अशीच पिंपे भरून ठेवतात. अशी आणखी किती गेली, कोणालाच ठाऊक नव्हते.

मी कंपनी गाठली. व्यवस्थापक गोडबोल्या. संगणकात नोंदींची तीन टेबले होती: कोणत्या पिंपात कोणते रसायन आले, ते पिंप कधी धुतले आणि फाटकाबाहेर कधी गेले. संगणक विभागातल्या बाईंनी पिंपाच्या नंबरावरून तिन्ही जोडून क्वेरी, म्हणजे शोध, चालवली. पडद्यावरचे प्रत्येक पिंप धुऊनच बाहेर गेलेले. व्यवस्थापक म्हणाला, सगळे चोख आहे. माझे डोके तापले. शेळ्यांच्या पिंपाचा नंबर यात कुठे आहे, मी विचारले. तो नव्हताच.

बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तिन्ही टेबलांत नोंद असेल तरच ओळ येते. एकात नसली की ती गळते."

हजेरीत ओ देणाऱ्याची मी कधी काळजी केली नाही. गप्प राहिलेले नाव शोधायचे असते. गळलेली दाखवा, मी म्हणालो. त्यांनी क्वेरी बदलली. पहिल्या टेबलातली सगळी पिंपे येऊ दिली, पुढे नोंद असो वा नसो. आता तीन पिंपांपुढे धुण्याचे आणि फाटकाचे रकाने कोरे दिसले. शेळ्यांचे पिंप त्यांतच होते. त्यांना कोणत्या शिफ्टला कोण होते त्याचे आणखी एक टेबल जोडल्यावर तिन्ही रिकामी करणारा कामगार एकच निघाला.

तो पेणकडचा, पन्नाशीचा. ठाण्यात आणल्यावर कानावर हात ठेवून बसला. मी दरडावले नाही. चोर पोलिसांच्या रागाची तयारी करूनच येतो. शेळ्या कशा तडफडल्या, एवढेच सांगितले. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. रिकामी पिंपे विकली तर काय बिघडले, असे त्याला वाटले होते. दोन टेम्पोवाल्याला दिली होती. त्यांतले शेळ्यांचे सोडून उरलेले एक आम्हाला रोह्यालगतच्या अष्टमी गावात टेम्पोतच मिळाले.

"तिसरं भैनीला दिलं, साहेब," तो म्हणाला. "आज तिच्या पोरीची हलद हाय. आंघोलीचं पानी त्यातच भरलं असंल."

बहिणीचे गाव पेणच्या हद्दीत, तिथे फोन नव्हता आणि पेण ठाण्याची गाडी बंदोबस्तावर होती. त्याला जीपमध्ये घालून आम्हीच निघालो. नागोठण्यापासून पुढे तोच वाट दाखवत होता.

अंगणात मुलगी हळद लावून पाटावर बसली होती. बहीण पिंपातून कळशी भरत होती. जीप थांबायच्या आत त्याने उडी टाकली आणि पिंप लाथेने आडवे केले. टँकरचे पाणी मातीत गेले. बहीण बोंबलत धावली.

"पानी नाय गो, जहर हाय," तो सगळ्या गावादेखत म्हणाला. "मीच चोरून आनलं."

मुलगी वाचली. त्याला अटक करावीच लागली. मला वाईट वाटले, पण गुन्हा तो गुन्हा.

तेव्हापासून सगळे जुळले असे कोणी सांगितले की मी आधी गळले काय ते विचारतो. तरी त्या प्रकरणातले माझ्या मनात राहिले ते वेगळेच. मंगलाष्टकांना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तिचे लग्न लागले तेव्हा तिचा मामा माझ्या कोठडीत होता. नातेवाइकांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले. लग्नाच्या दिवशी त्या गावात बंदोबस्ताला असलेल्या हवालदाराने मला नंतर सांगितले, बहिणीने त्या माणसाला मागे सारले आणि भावाची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवली.