सुकाणवाकडची चूल

आमच्या मामंजींच्या घरात डावं-उजवं चालायचं नाही. सत्तावन्न साली लग्न होऊन मी मालवणात आले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मावलं, "सुकाणवाकडचो तांब्यो हाड गो." मी फोंडाघाटची, बैलगाड्यांच्या गावची, मला कसलं सुकाणू कळतंय! उभी राहिले आपली मख्खासारखी. सासूबाईंनी हसत समजावलं: दर्याकडची पडवी ती नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, मागचं स्वयंपाकघर ते सुकाणू, माजघरातला खांब ती डोलकाठी. जन्मभर कौलं वाहणाऱ्या गलबतावर तांडेली, म्हणजे कप्तानकी, केलेला माणूस घरी बसला, तरी गलबतावरून काही उतरला नव्हता. सासूबाईंना मात्र त्यांनी कधी गलबतावर चढवलं नाही. बायकांना चढवायची रीतच नव्हती.

पुढे सासूबाईंची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. तुळशीला पाणीसुद्धा आपल्या हातानं घालता येईना, हे त्यांना फार लागलं. कोपऱ्यातलं गाठोडं झाले म्हणायच्या. आम्ही 'डावीकडे, उजवीकडे' ओरडायचो. त्या वळल्या की सगळं उलटं, आणि कपाळ दारावर. एकदा मामंजी माझ्यावर कडाडले, "माणूस वळलो की तेचा डावा-उजवा फिरता. नाळ फिरणा नाय."

त्यांनी सासूबाईंना खांबाशी उभं केलं. दर्याची गाज येते ती नाळ, चुलीची ऊब येते ते सुकाणू. विहीर गलबताच्या उजव्या अंगाला, मग तुझं तोंड कुठेही असो. चुकल्या की खलाशाला रागवावं तसे रागवायचे. मला त्यांचा संताप यायचा. पण पावसाळा सरला आणि सासूबाई एकट्या तुळशीपर्यंत जाऊन आल्या.  मामंजी त्या दिवशी बाजारातून अख्खी इसवण, म्हणजे सुरमई, घेऊन आले.

शेवटच्या आजारात तापानं मामंजींचं भान सुटलं. भरदुपारी खांबाशेजारच्या अंथरुणातून उठू पाहायचे. नाळ खंय गेली, किनारो दिसणा नाय, हाच धोशा. ते माझं ऐकेनात, मुलाचं ऐकेनात. एके दुपारी सासूबाई चुलीपासून उठल्या, सरळ चालत आल्या आणि त्यांचा हात धरून खांबाला लावला.

"ही डोलकाठी. नाळ तुमच्या पायाकडे आसा. सुकाणवार मी आसंय, तुमी निजा."

मामंजी निजले. पुन्हा उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांना पडवीतून बाहेर काढलं, तेव्हा सासूबाई चुलीशी, आपल्या सुकाणूवर, ताठ बसून होत्या. बायका त्यांना उठवायला निघाल्या. मी कुणालाही आत जाऊ दिलं नाही.