नाथाच्या हवाली केलेली सायकल

आमचे हे गेले, त्यानंतर कितीतरी महिने मी भैरवनाथाशी बोलत नव्हते. गावात राहून ग्रामदैवताशी अबोला धरणं काही सोपं नाही. शेतावर जाताना देऊळ लागतं, दुकानात जाताना देऊळ लागतं, आणि पाय आपोआप थांबायला बघतात. मी पदर सावरायचं निमित्त करून तोंड फिरवायचे आणि पुढे जायचे. सगळा जन्म भाताच्या लावणीची पहिली मूठ मी नाथाच्या नावानं लावली, आणि त्यानं मात्र चांगला हिंडता-फिरता माणूस चहाचा कप हातात असताना उचलून नेला. जाऊबाई म्हणायच्या, "अक्का, देवावर असं रुसू न्हाई." मी म्हणायचे, "मी रुसलेच न्हाई. माझं त्याच्याकडं कामच काय हाय आता?"

खरी काळजी मला माझ्यापेक्षा वर्षाची होती. वर्षा माझी एकुलती एक लेक, नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत राहणारी. वडील गेले तेव्हा तिला दिवस गेलेले, त्यात दुखणं झालेलं, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचीसुद्धा बंदी केली होती. तिनं बापाला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, कोरड्या डोळ्यांनी. त्या दिवसापासून ती रडली नाही. फोन करायची, "आई, जेवलीस का? गाईला चारा आहे का?" एवढंच विचारायची, आणि अण्णांचा विषय निघाला की तिला काहीतरी काम आठवायचं. आतल्या आत माझी पोर दगड होत चालली आहे हे मला इथं बसून कळत होतं, आणि करता काही येत नव्हतं. बाळंतपणाला मी जायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, काय आणू? मला वाटलं लाडू म्हणेल, मेतकूट म्हणेल. ती म्हणाली, "अण्णांची सायकल आणशील?"

ती सायकल म्हणजे आमच्या घरातलं चौथं माणूस. काळी, उंच, मागं भक्कम कॅरिअर आणि त्याला दुधाच्या किटल्या अडकवायला यांनी स्वतः वाकवून घेतलेले दोन आकडे. कासार आंबोलीहून पौडला दूध घालायला हे रोज त्याच सायकलवर जायचे. वर्षा पुढच्या नळीवर बसायची. टोचू नये म्हणून नळीभोवती जुना टॉवेल गुंडाळलेला असायचा. तो रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना खाचरं, आणि बापलेकीची गाणी आमच्या बांधापर्यंत ऐकू यायची. मी तेव्हा बालवाडीत कामाला होते, पोरं गोळा करायला निघालेली असायचे. लांबून घंटी वाजली की कळायचं, आता वळणावर आले. आता त्याच रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी बंगलेवाल्यांच्या मोटारींची रांग लागते. लोकांनी फटफट्या घेतल्या, गाड्या घेतल्या, यांनी मात्र सायकल सोडली नाही. निघताना हँडलला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच पायडलवर पाय ठेवायचा, ही त्यांची सवय. आपल्याकडे ड्रायव्हर स्टेअरिंगला लावतात तसंच. ते गेल्यावर मी सायकल पुसायला बाहेर काढायचे आणि मीही तसंच करायचे.

सायकल न्यायची म्हटल्यावर घरात हसू झालं. दीर म्हणाले, "वैनी, तितं काय सायकली मिळत न्हाईत व्हय? लोक लाडू नेत्यात, तुमी लोखंड न्या!" पौडच्या सायकलवाल्यानं ती सोडवून खोक्यात भरून दिली. वजन जास्त भरलं म्हणून डिंकाचे निम्मे लाडू काढून जाऊबाईंच्या डब्यात टाकावे लागले. निघताना जाऊबाईंनी नाथाचा अंगारा पुढे केला. मी घेतला नाही. त्यांनी तो गुपचूप माझ्या पिशवीत टाकला असावा, पण तो मला पुढे कधी सापडला नाही, म्हणजे टाकला नसेलही.

तिकडे विमानतळावर जावई आले होते. योगेशराव मनाचे सरळ, शांत गृहस्थ. त्यांनी तिथंच खोकं फोडून सायकल जोडली. वर्षाचं गाव तिथून रेल्वेनं बरंच लांब. तिकडे लांबच्या गाडीत सायकल न्यायची तर माणसासारखीच तिचीही जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि काही गाड्या तर सायकल घेतच नाहीत. योगेशरावांनी सगळं नीट केलं होतं, सायकलच्या हँडलला गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठीही बांधली होती. आम्ही फलाटावर उभे होतो आणि त्यांचा फोन वाजला. वर्षाला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, शेजारणीनं दवाखान्यात नेलं होतं. समोरच्या फलाटावर वेगाची गाडी उभी होती, पण त्या गाडीत सायकलला मनाई. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा गाडीकडे. मी म्हटलं, "तुमी व्हा म्होरं. पोरीजवळ कोणतरी पायजे. मी येते मागनं सायकल घेऊन, मला काय कोण उचलून नेतंय?" "उतरलात की बाकावरच बसा, आई. कुठं जाऊ नका," एवढं सांगून ते पळाले.

आमची गाडी आली. दारावर सायकलचं चित्र असलेला डबा बरोबर माझ्यासमोर थांबला, मागच्या बाजूला. माझी जागा पुढच्या डब्यात होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मभर एसटीनं फिरलेली बाई मी. आमच्याकडे दुधाच्या किटल्या, पोती, सायकली सगळं मागं किंवा टपावर जातं, आणि माणूस पुढं बसतो, म्हणजे उतरताना बरं पडतं. पुढेही तसाच एक सायकलचा डबा आहे आणि सायकलची जागा त्यात राखलेली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक पांढऱ्या आखूड केसांची, निळा रेनकोट घातलेली म्हातारी तिची सायकल चढवत होती. मी न सांगताच तिनं माझ्या सायकलचं मागचं चाक उचललं. सायकल पट्ट्यानं बांधून झाली. मी हँडलला हात लावला, कपाळाला लावला आणि पुढच्या डब्यात जाऊन बसले.

मध्ये एका मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली, हिसका बसला, पुन्हा निघाली. जरा वेळानं सायकल बघून यावी म्हणून मी मागे चालत गेले. चालता चालता डबेच संपले. शेवटच्या काचेतून नुसते रूळ दिसत होते. मला काही उमगेना. तिकीट तपासणाऱ्या माणसाला मी ओढत तिथं आणलं, सायकल चालवल्याची खूण करून दाखवली. त्यानं दोन्ही हात एकमेकांना जोडले आणि मग बाजूला नेले, एक इकडे, एक तिकडे. गाडीचे दोन भाग झाले होते. मागचा भाग यांची सायकल घेऊन भलत्याच मुलखात निघाला होता.

 तो माणूस भला होता. पुढच्या स्टेशनाकडे बोट दाखवून त्यानं खुणेनंच विचारलं: उतरून मागे जायचं, की असंच पुढे? मागे यांची सायकल होती. वर्षाचं ते एकच मागणं होतं. पुढे माझी पोर बाळंतपणाच्या कळा देत होती. मी पुढे बोट केलं. जागेवर येऊन बसले आणि मला रडू कोसळलं, परक्या लोकांसमोर, हमसून हमसून. आणि मग ज्याच्याशी मी बोलत नव्हते त्याच्याशीच बोलले. मोठ्यानंच बोलले असेन, कारण समोरचा माणूस दचकला. "नाथा, माणूस न्हेलास, सायकल बी न्हेलीस. न्हे. मला आता काय धरून ठेवायचं न्हाई. ती पोर तेवढी सुखरूप सोडव. बाकी तुझं तू बघ."  मन हलकं झालं असं मी म्हणणार नाही. फक्त भांडण संपलं.

वर्षाच्या गावी उतरले आणि सांगितल्याप्रमाणे बाकावर बसून राहिले. फोनला रेंज नव्हती. पोरीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. योगेशरावांचा पत्ता नाही. पुढची गाडी आली, लोक उतरले, पांगले. शेवटी डब्यातून निळा रेनकोट उतरला. एका हाताशी तिची सायकल, दुसऱ्या हाताशी आमची. म्हातारी धापा टाकत होती, काळ्या हँडलच्या वजनानं तिचा खांदा एकीकडे कलला होता.

मी धावले. तिनं सायकल माझ्या हातात दिली आणि काहीतरी बोलली, मला अक्षर कळलं नाही. तिनं ते ओळखलं. मग तिनं आपला सुरकुतलेला हात यांच्या हँडलला लावला, आणि तो उचलून आपल्या कपाळाला लावला. माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मुलखात मला त्या क्षणी भाषेची गरज उरली नाही. मी तिच्या गळ्यात पडले.

तेवढ्यात योगेशराव आले. चेहऱ्यावरूनच कळलं, मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. त्यांनीच मग म्हातारीचं बोलणं सांगितलं. गाडी तुटायच्या स्टेशनावर तिची नजर हँडलच्या चिठ्ठीवर गेली, तिच्यावरचं गाव मागच्या भागाच्या वाटेवर नव्हतंच. मला शोधेपर्यंत पुढचा भाग सुटला होता. तेव्हा ती दोन्ही सायकली घेऊन उतरली आणि पुढच्या गाडीनं इकडे आली. तिला खरं तर बहिणीकडे जायचं होतं. "बहीण थांबेल," म्हणाली. "एरवी मी सायकल स्टेशनमास्तरच्या ताब्यात दिली असती. पण या बाईंनी तिला हात लावून कपाळाला लावला. तशी वस्तू अनोळखी माणसाच्या हाती कशी सोपवू?" आम्ही आभार मानेपर्यंत उलटी जाणारी गाडी लागली आणि ती निघूनही गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दवाखान्यात वर्षा निजलेली होती, बाळ कुशीत. मला पाहून आधी म्हणाली, "आणलीस?" मी म्हटलं, खाली उभी आहे, भिंतीला टेकवून. तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूहळू खिडकीपाशी आली. खाली बघितलं. कॅरिअरचे दोन आकडे वरूनही स्पष्ट दिसत होते.  मग तिचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला आणि ती म्हणाली, "आई, अण्णा गेले गं." आणि रडायला लागली. लहानपणी पडली की रडायची तशी, सगळा जीव ओतून. मी तिला थोपटत राहिले, आणि थांब म्हणाले नाही.

तो नाथाचा चमत्कार होता, की एका भल्या बाईची माणुसकी, हे मी कुणाशी वादात घालत नाही. मला त्यात फरक करता येत नाही, एवढंच. ती सायकल मी जीव मुठीत धरून इतक्या लांब नेली, आणि ती पोचली ती मात्र माझ्या हातून सुटल्यावर. तिच्याबरोबर माझा रागही मी त्या गाडीत सोडून आले. गावी परतल्यावर देवळात गेले तेव्हा मागायला काही सुचेना. निळ्या रेनकोटातली ती म्हातारी आता कुठं असेल कोण जाणे. तिचा खांदा दुखत नसो, आणि तिची बहीण तिला रोज भेटो, एवढंच मी नाथाला म्हटलं.