वरच्या काकू आणि आमच्या पिसवा

वरच्या मजल्यावरच्या काकू कमी बोलतात, पण बोलल्या की टोचतं. बेल दोनदा वाजवली तर म्हणतात, “अहो, एकदाच पुरे, बहिरी नाही मी.” स्वतःची चूक त्यांनी कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही.

आमच्या मांजरीमुळे घरात पिसवा झाल्या. त्यातच लेकीच्या सासरचे पहिल्यांदा आले. काकूही होत्या. विहीणबाई सारख्या पोटरी खाजवू लागल्या. मला मान वर करवेना.

“डास आहेत हो,” काकू म्हणाल्या. “माझ्या कुंड्यांत पाणी साचतं. माझाच हलगर्जीपणा.”

पाहुणे गेल्यावर काकू उठल्या, तेव्हा त्यांच्या घोट्यांवरचे लालभडक चावे दिसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बघत काय बसलात? मांजरीला डॉक्टरकडे न्या. गाद्या मी झटकते.”