मग वाटू दे की वाईट!

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणतात, आणि तेही तिच्या तोंडावर. मी इस्त्रीच्या टेबलाला असते, तिच्या मशीनच्या बरोब्बर समोर, त्यामुळे निम्मे तोफगोळे माझ्याच वाट्याला येतात. तिची साठी कधीच उलटली. पण कुणी "दमलात का?" म्हणून विचारलं की फाडकन उत्तर येतं, "तू दमलीस का? मग बस की!" शर्टाच्या कॉलरी शिवायच्या त्या तिनंच. नवरा गेला, पोरं आपापल्या संसाराला लागली, तिचं म्हणावं असं ते मशीन तेवढं उरलं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नाही.

मग ही नवी सुपरवायझर आली. तिशीसुद्धा गाठलेली नाही. बोलायला मात्र साखर, आणि खरं दुखणं तेच होतं. एका सकाळी तोफेजवळ येऊन ओणवी झाली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "आजी, उद्यापासून तुम्ही बटणं निवडायला बसा हं. अगदी आरामात. हे मशीन आपण त्या नव्या मुलीला देऊ या."

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. आराम म्हणे! कुणी मागितला होता? तोफेनं मशीन चालूच ठेवलं.

"आजी मी माझ्या नातवंडांची. आणि तीही उठवायला आली तरी मी जागची हलत नाही. हे बघ पोरी, कालची तू..."

"मी पोरगी नाही!" सुपरवायझर कडाडली. साखर गेली कुठल्या कुठे. "परवा मालकांसमोर तुम्ही मला 'बाळ, नीट उभी राहा' म्हणालात. सगळे हसले. तेव्हापासून इथं माझं कुणी ऐकत नाही."

आता मात्र तोफेचं मशीन थांबलं. हे खोटं नव्हतं, हसणाऱ्यांत मीही होते.

"म्हणाले खरी," तोफ म्हणाली. "चुकलंच माझं. पुन्हा नाही म्हणणार. पण मशीन का काढून घेताय ते सांगा. वय सांगू नका, ते मला माहीत आहे. कामाचं बोला."

सुपरवायझरनं मागच्या ओळीकडे पाहिलं. तिथल्या मुलींनी पटापट माना खाली घातल्या.

"मग ऐका. तुमच्या कॉलरींची टोकं वाकडी येतात. या मुली रोज गुपचूप उसवून नीट करतात."

तोफेचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता रडणार. कसली रडते! गर्रकन मागे वळली.

"मला का नाही सांगितलंत गं, भवान्यांनो?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," एक जण पुटपुटली.

"मग वाटू दे की वाईट! जिवंत माणसालाच वाटतं ते. तुम्ही तर मला पोचवूनच मोकळ्या झालात!"

सुपरवायझरनं ढिगातली एक कॉलर उचलून तोफेसमोर ठेवली. "ही उसवा आणि आता माझ्यासमोर पुन्हा शिवा."

तोफेनं शिवली. सुपरवायझरनं ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"उजवं टोक छान आलंय. डावं अजून वाकडं आहे. परत करा. आणि उद्या येताना डोळे तपासून या, चष्म्याचा नंबर वाढला असणार." मग ताटकळत उभ्या असलेल्या नव्या मुलीला म्हणाली, "तुझ्यासाठी मी मालकांकडे दुसरं मशीन मागते. हे रिकामं नाही."

मला राहवेना. "जाऊ द्या हो आता," मी म्हटलं, "एका टोकानं काय होतंय? किती छळाल त्यांना?"

"तू गप्प बस!" तोफ माझ्यावरच धडाडली. "त्या माझ्याशी बोलतायत."

आणि तिनं डाव्या टोकाचे टाके उसवायला घेतले.