काट्याचे गाणे

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत ओतकामाचे साचे बनवणारे मोल्डर बसलिंगाप्पा मगदूम सुटीच्या दिवशी शाहीर असत. डफ त्यांच्या हातात, तुणतुणे साथीदार सयाजीच्या. आणि सरकार कोणत्याही पक्षाचे असो, त्याची खरडपट्टी ठरलेली. गाण्याचे ते पैसे घेत नसत. कोरी कॅसेट घेऊन कोणीही दारात यावे. बसलिंगाप्पा त्याला बसवून घेत, चहा पाजत आणि दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर नक्कल उतरवून देत. प्रत्येक नकलेच्या आरंभी त्यांच्याच आवाजात ऐकू येई, "गा, वाटा, पायजे तर बदला. कुणालाबी न्हाय म्हणायचं न्हाय."

१९९७ च्या गळीत हंगामात त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाणे रचले. शेतात ठासून भरलेली गाडी काट्यावर गेली की हलकी कशी होते, हा सभासदांचा जुना सवाल होता. एकरभर उसापुरते बसलिंगाप्पाही सभासदच होते.

"गाडी भरुनी ऊस निघाला, काट्यावरती हलका झाला,
कुणी खाल्ला, कुणी खाल्ला? विचारा चेअरमनला!"

उन्हाळ्यापर्यंत हे गाणे पार चंदगडच्या एस.टी. स्टँडवरील हॉटेलात वाजू लागले.

एके दिवशी कारखान्याचे चेअरमन हंबीरराव यांचा प्रचार सांभाळणारा बाळासो कोरी कॅसेट घेऊन दारात उभा राहिला.

"शाहीर, काट्याचं गाणं द्या की."

"तुमास्नी कशाला वो?"

"साहेबांस्नी ऐकायचंय."

बसलिंगाप्पांच्या पत्नी रत्नव्वा स्वयंपाकघरातून कडाडल्या, "ऐकतोय कुठला! मोडतोड कराय न्यायला आलाय त्यो. देऊ नगासा!"

बसलिंगाप्पांना ते कळत नव्हते असे नाही. परंतु आज एकाला नाही म्हटले, तर आजवर वाटलेल्या प्रत्येक कॅसेटवरचा आपला शब्द खोटा ठरेल, हेही त्यांना कळत होते. त्यांनी नक्कल उतरवून दिली. चहाही दिला.

पंधरवड्यात चेअरमनांची कर्णा लावलेली जीप गावोगाव फिरू लागली. चाल तीच, ठेका तोच.

"गाडी भरुनी ऊस निघाला, दर सोन्याचा घेउन आला,
कुणी दिला, कुणी दिला? विचारा चेअरमनला!"

सयाजी पेटला. "अण्णा, आपली पोरगी त्यांच्या मांडवात नाचवली की! चला पोलिसात."

"काय सांगू पोलिसांस्नी? मीच हातानं दिलीया."

"मग गप बसायचं व्हय?"

"गप कोण म्हणालं? वार्षिक सभा हाय की. सभासद हाय मी."

सभेच्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने सभासद नसलेल्या सयाजीला अडवले आणि डफही ठेवून घेतला. बसलिंगाप्पा रिकाम्या हाताने मंडपात शिरले. साथीशिवाय ते आजवर कधी गायले नव्हते. गाणे आज परत मिळवले नाही, तर ते कायमचे चेअरमनांचे होणार, एवढेच त्यांच्या मनात होते.

हंबीरराव व्यासपीठावर चढताच कर्ण्यातून जीपचे गाणे सुरू झाले. डफ होता, तुणतुणे होते, झीलकरी होते; सगळी साथ कारखान्याच्या खर्चाने मांडून ठेवलेली. बसलिंगाप्पा मधल्या वाटेत उभे राहिले आणि फौंड्रीच्या गोंगाटात कमावलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला : "काट्यावरती हलका झाला!" कर्णा म्हणाला, "कुणी दिला?" शाहीर म्हणाले, "कुणी खाल्ला?" मागे कोणीतरी खो खो हसले. मग सारा मंडप गरजला, "विचारा चेअरमनला!"

पहिला जयघोष आपलाच समजून हंबीररावांनी हात जोडले. दुसऱ्या कडव्याला ते हात खाली आले. त्यांनी बाळासोकडे पाहिले आणि त्याने टेप बंद केली.

साथ संपली. ना ठेका, ना सूर. "बसा शाहीर, करमणूक झाली!" व्यासपीठावरून आवाज आला.

ते बसले नाहीत.

"गाणं झालं. त्यात विचारा म्हणलंय, म्हणून विचारतो. चेअरमनसाहेब, शेतावर भरलेला ऊस काट्यावर कमी का भरतोय?"

"लेखी द्या. उत्तर मिळेल."

"तोंडी विचारलंय, तोंडीच सांगा. सगळ्यांस्नी ऐकू येऊ दे."

"अहो, विषयपत्रिकेत नाही ते!"

"काट्यावर ऊस तर हाय न्हवं?"

एक म्हातारा सभासद काठी टेकत उठला. "मलाबी त्येच विचारायचंय." त्याच्या शेजारचा उठला. मग रांगाच्या रांगा उठल्या; गायला नव्हे, नुसत्या उभ्या राहायला. हंबीररावांनी घड्याळ पाहिले, पाणी मागवले, सचिवांच्या कानाशी लागले. कोणी बसेना. शेवटी बाहेरच्या तज्ज्ञाकडून, सभासदांच्या समक्ष, काटा तपासून घेण्याचे त्यांनी कबूल केले.

"इतिवृत्तात घ्या," बसलिंगाप्पा म्हणाले, "आणि वाचून दाखवा."

सचिवांनी लिहिले आणि वाचले. त्यानंतरच बसलिंगाप्पा खाली बसले.

जीप पुढेही गावोगाव फिरली. मात्र कर्ण्याने "कुणी दिला" म्हणताच बांधावरची माणसे "कुणी खाल्ला" असे ओरडू लागली, तेव्हा चार दिवसांत ते गाणे जीपमधून उतरले.